दोन चुलींची गाणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीतून मुंबईला जायला पूर्वी वाटा दोन. एक खाली, हातखंब्यावरून रत्नागिरी बंदराकडे आणि तिथून आगबोटीने. दुसरी वर, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला; १८९१ साली कोल्हापुरात रेल्वे आल्यावर तिथून पुढे गाडीने. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, मग घाटाचीच वाट उरायची. शंभराहून अधिक वर्षं या वाटांनी पालीसारख्या गावांतले तरणे पुरुष गेले. परत यायचे ते शिमग्याला, गणपतीला, भाऊबंदांच्या लग्नाला, आजारपणात आणि संपात. बायका मात्र गावातच राहिल्या. एका कुटुंबाच्या दोन चुली झाल्या: एक गावात शेणाने सारवलेल्या पडवीमागे, दुसरी परळ-लालबागच्या एखाद्या खानावळीत.

असं तुटलेलं घर जिथे पिढ्यान्पिढ्या चालतं, तिथे गाणं जन्माला येतं. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांच्या ब्लूजबद्दल जगभर पुस्तकं आहेत, तबकड्या आहेत, संग्रहालयं आहेत. कोकणातून गिरणगावात गेलेल्या गाण्याचा इतिहास तेवढा नीट मांडला गेलेला नाही. आणि गंमत अशी, की या दोन्ही गाण्यांचं मूळ एकाच पिकाशी येऊन थांबतं. ते पीक म्हणजे कापूस.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. तेव्हा इंग्रजांनी मोर्चा वळवला हिंदुस्थानच्या कापसाकडे. मुंबईत चार वर्षं पैशांचा पाऊस पडला. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारखे सट्ट्याचे सम्राट बुडाले. पण व्यापारी घराण्यांच्या हाती भांडवल आणि हिंमत येऊन राहिली होती. कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली ती त्याआधीच, १८५४ साली. १८७०नंतर मात्र गिरण्या भराभर उभ्या राहिल्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्यांची धुराडी होती.

तिकडे युद्धाने गुलाम मुक्त झाले, पण जमीन त्यांच्या हाती आली नाही. मिसिसिपीच्या खोऱ्यात ते पुन्हा त्याच मळ्यांवर वाटेकरी म्हणून राबू लागले. पिकाचा साधारण निम्मा वाटा मालकाचा. बियाणं, पीठ, कापड मालकाच्याच दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच करणार आणि कर्ज काही फिटणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या माणसांच्या तोंडी जे एकट्याचं, ‘मी’ म्हणणारं गाणं आलं, ते ब्लूज. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा घोळवायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, असा त्याचा नेहमीचा घाट.

आता रत्नागिरी जिल्ह्याकडे बघा. गावचा खोत म्हणजे सरकार आणि रयत यांच्यामधला सारा वसूल करणारा वतनदार. व्यवहारात तोच गावचा राजा. भाताच्या पिकाचा निम्मा वाटा खोताला देणं याला अर्धल म्हणत, तिसरा वाटा दिला तर तिर्धल. वर नांगराचे दिवस, घरगड्यासारखी कामं, वेठ. जमीन डोंगरउताराची, पाऊस धोधो आणि पीक मात्र एकच. भात चार-सहा महिने पुरायचं. त्यापुढे नाचणी, वरी आणि कर्ज. खोताला धान्य द्या की रोकड द्या, घरात रोख पैसा यायला गाव सोडून कमवण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. १८८०च्या मुंबई गॅझेटियरमधला रत्नागिरीचा भाग वाचला तर या जिल्ह्याचं बाहेर जाणारं मुख्य ‘उत्पादन’ माणूसच होतं असं वाटतं: पलटणीत शिपाई, पोलिसात शिपाई, मुंबईत हमाल, घरगडी, गिरणी कामगार.

आकडे बोलके आहेत. १९११च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (आजचा बराचसा सिंधुदुर्ग तेव्हा या जिल्ह्यातच होता.) १९२१मध्ये मुंबईच्या पावणेबारा लाख वस्तीत दोन लाखांहून जास्त माणसं रत्नागिरीची. त्याच शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. उरलेल्या कुठे होत्या, हे सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चाकरमान्याच्या विरहाकडे आपण नेहमी नशीब म्हणून पाहत आलो. ते नशीब नव्हतं. गिरणीमालक जो पगार देत तो एका माणसाच्या पोटापुरता होता. बायको, मुलं, म्हातारे आईबाप यांचा खर्च गावच्या शेताने उचलायचा असं त्या पगारात गृहीत धरलेलं होतं. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, यंत्रात हात गेला तर तो गावीच जाणार होता. थोडक्यात, परळची गिरणी स्वस्तात चालावी म्हणून पालीच्या बाजूची बाई भात लावत होती, नाचणी दळत होती, मुलं वाढवत होती. तिच्या कामाची नोंद गिरणीच्या वहीत कधीच झाली नाही. गावाकडून पाहिलं तर याच्या नेमकं उलट. खोताचा वाटा आणि सावकाराचं व्याज यांची सोय मुंबईच्या मनिऑर्डरीतून होत होती. दोन्हीकडचे धनी सुखात, मधे दोन चुली.

मुंबईत हा पुरुष राहायचा कसा? १९११च्या शिरगणतीच्या वेळी शहराची सुमारे सत्तर टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडात होती. त्यातही गाववाल्यांचा गाळा वेगळा: एका गावच्या दहा-पंधरा, कधी त्याहूनही जास्त पुरुषांनी मिळून घेतलेली खोली. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीला एक खुंटी. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. जेवण खानावळवालीकडे, ती बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा, चार पैसे मिळावेत म्हणून वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणारी. नोकरी मुकादमाच्या मर्जीवर, मर्जी दस्तुरीवर, म्हणजे लाचेवर. कायमची नोकरी नसेल तर बदली: रोज सकाळी भोंग्याला दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. १९११च्या कायद्याने पुरुषांचे कामाचे तास बारावर आणले, म्हणजे त्याआधी काय असेल याचा अंदाज यावा.

रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे. कामगार चळवळीच्या इतिहासात तिचा उल्लेख हक्क म्हणून येतो, आणि ते बरोबरच आहे. पण गाण्याच्या दृष्टीनेही ती तारीख मोठी मानायला हवी. सुट्टीचा एक दिवस आला म्हणून चाळीच्या गॅलरीत भजन बसलं, ढोलकीची तालीम सुरू झाली, डबलबारीचे सामने रंगले.

गावाहून येताना या माणसांनी तीन तऱ्हेची गाणी आणली होती. खरं तर दोन आणली, तिसरं मागे ठेवलं.

पहिलं नमन, ज्याला खेळेही म्हणतात. शिमग्यात देवाची पालखी निघाली की खेळे घरोघर फिरतात. मृदंगाच्या साथीने आधी धरतरीला, गावदेवीला, दाही दिशांना नमन, मग गण, गवळण, संकासुराची धमाल आणि शेवटी वग. दुसरी जाखडी, म्हणजेच बाल्या नाच. मधे ढोलकी-झांज घेऊन गायक, भोवती रिंगण धरून पायात घुंगरू बांधलेले गडी. गणपतीच्या दिवसांत रात्र-रात्र चालणारा हा नाच मुंबईत गेला आणि तिथे त्याचे शक्ती-तुऱ्याचे सामने झाले: एक पक्ष शक्तीचा, एक शिवाचा, एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने शास्त्रपुराणं धुंडाळून उत्तर द्यायचं, आणि मधेच एकमेकांची यथेच्छ खेचायची. परळचं दामोदर नाट्यगृह, सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी उभारलेलं, अशा सामन्यांनी भरून जायचं.

ब्लूजच्या मानाने हे गाणं फार वेगळं आहे. एकटा माणूस गिटार घेऊन स्वतःचं दुःख ‘मी’ म्हणून सांगतो, हे नमन-जाखडीत बसत नाही. इथे ‘आम्ही’ असतो, देव असतो, हशा असतो. दुःख असतं ते हशाच्या पोटात: मुंबईहून आलेला दिमाखदार चाकरमानी आणि त्याच्या खिशातली उधारी, खोताचा कारकून, नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी बाई. आणि ही बाई रंगवतो मिशा काढलेला पुरुष. पुरुषांनी रचलेल्या, पुरुषांनी गायलेल्या, पुरुषांनीच नाचलेल्या या खेळात विरहिणीचं पात्र भरपूर आहे. तिचा स्वतःचा आवाज नाही.

तो आवाज तिसऱ्या गाण्यात होता. पहाटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या. त्यात विठोबा आहे, माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, दूर गेलेला धनी आहे. माझ्या मते मराठीतलं ब्लूजला सर्वांत जवळचं गाणं हेच: एकटीचं, कुणाला ऐकवायचं नसलेलं, कामाच्या लयीतून आलेलं. पण नशीब बघा. अमेरिकेत १९२० साली मेमी स्मिथची तबकडी निघाली, काळं गिऱ्हाईक ती विकत घेतं हे कंपन्यांना कळलं, आणि पुढच्या दहा वर्षांत मा रेनी, बेसी स्मिथ अशा बायका ब्लूजच्या पहिल्या तारका झाल्या. आपल्याकडे तबकड्या १९०२पासून निघत होत्या, पण ग्रामोफोनचा भोंगा वळला तो बैठकीच्या गायिकांकडे आणि नाटकांतल्या पदांकडे. जात्याकडे कुणी तो नेला नाही. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत; तोही मुख्यतः पुणे जिल्ह्यात सुरू झालेला उद्योग. तोवर कोकणातल्या गावागावांत पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. जातं थांबलं तसं गाणंही थांबलं.

जातीचा प्रश्न या गोष्टीतून वगळता येत नाही. गिरणीत सगळे कामगार एक, असं भाषणात म्हणायला सोपं. साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पगार सर्वांत चांगला, पण तिथे दलितांना घेत नसत. कारण असं, की धोट्यातली कांडी बदलताना दोऱ्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि सवर्ण विणकर ‘त्यांच्या’ उष्ट्या धोट्याला तोंड लावायला तयार नव्हते. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कोकणातल्या महारांवर त्याआधीच एक घाव बसला होता: ज्या मुंबई लष्करात त्यांच्या पिढ्या गेल्या त्याचे दरवाजे १८९०च्या दशकात बंद झाले, आणि महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागला. म्हणून या वस्त्यांतून पुढे जे गाणं उभं राहिलं, त्या आंबेडकरी जलशाचा सूर वेगळाच होता. तो गावाची आठवण काढून हळहळत नव्हता. गाव सोडल्याचं त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. मिसिसिपी सोडून शिकागोची गाडी धरणाऱ्या काळ्या माणसाला जे वाटत होतं, त्याच्या हे जास्त जवळचं आहे.

आता संपांकडे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगावाने सहा दिवस काम बंद ठेवलं. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसासाठी रत्नागिरीच्या माणसांनी केलेला तो संप, असंही म्हणता येईल. त्याहून मोठा १९२८चा. एका कामगाराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, या आणि अशा नव्या पद्धतींविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. गिरणी कामगार युनियन या संपातच जन्मली. तिचे पहिले अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणी कामगार. सहा महिने बिनपगारी माणसं जगली कशी? हजारो जण सरळ गावी गेले. पावसाळा होता, शेतात काम होतं, हंड्यात नाचणी होती. मालकांनी पगार कमी ठेवण्यासाठी ज्या गावावर भार टाकला, तेच गाव संपाचा निधी होऊन बसलं. हा डाव मालकांच्या हिशेबात नव्हता. आणि पुन्हा एकदा, निधी भरणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच पत्रकात नाहीत.

गाव आणि गिरणी यांचा हा धागा राजकारणातही उमटला. चिपळूणला १९२९ साली भरलेल्या शेतकरी परिषदेत आंबेडकरांनी खोतीविरुद्ध आवाज उठवला. १९३७मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी बोटींनी मुंबईत उतरले आणि मोर्चा घेऊन कायदेमंडळावर गेले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्याने. खोत गेला तरी मुंबईची वाट मात्र चालूच राहिली, कारण जमिनीचे तुकडे तेवढेच राहिले आणि खाणारी तोंडं वाढली.

याच सुमारास चाळीतल्या ढोलकीला लाल झेंडा मिळाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे; दोघेही कोकणातले नव्हेत. पण ऐकणारा समोरचा माणूस कोकणातला होता, आणि त्याचं दुःख त्यांनी नेमकं ओळखलं. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्याचा पुरावा. बायकोला गावी सोडून पोटासाठी मुंबईत आलेला कामगार तिची आठवण काढतो. आणि आठवण काढता काढता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला मराठी मुलूख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये अमर शेखांच्या पहाडी आवाजात हे गाणं हजारोंनी ऐकलं.

कलापथक निघालं त्याच सुमारास, १९४३मध्ये, मडी वॉटर्स नावाचा मिसिसिपीतला एक ट्रॅक्टर चालवणारा शेतमजूर शिकागोला गेला. कागदाच्या कारखान्यात काम करता करता त्याने शहराच्या गोंगाटात ऐकू जावी म्हणून विजेची गिटार हाती घेतली, आणि ब्लूजचं रूप पालटलं. तिथे दुःख बाजारात गेलं, इथे ते सभेत गेलं. बाजाराने तिथल्या गायकाला नाव दिलं, पैसे बहुतेकदा दुसऱ्यांनी खाल्ले. सभेने इथल्या गाण्याला ताकद दिली, पण त्याची किंमतही वसूल केली: मैना शेवटी मुलूख झाली, आणि गावावर राहिलेली खरी बाई पुन्हा बाजूला पडली. छक्कड थोर आहे याबद्दल शंका नाही. पण १ मे १९६०ला महाराष्ट्र मिळाला तरी त्या बाईचा नवरा परत आला नाही, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

तिला तिचा आवाज देण्याचा एक मोठा प्रयत्न नारायण सुर्व्यांचा. सुर्वे गिरणगावातच वाढले; सापडलेलं मूल म्हणून गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आणि काशीबाईंनी त्यांना पदराखाली घेतलं, आणि गंगाराम निवृत्त झाल्यावर नवरा-बायको कोकणात गावी निघून गेले तेव्हा नारायण मुंबईत एकटे राहिले. म्हणजे या दोन चुलींचा चटका त्यांना उलट्या बाजूने बसला होता. ‘डोंगरी शेत माझं गं’ हे त्यांचं गाणं डोंगरउतारावर एकटीने राबणाऱ्या बाईच्या तोंडी आहे, आणि त्यात विरहापेक्षा हिशेब जास्त आहे: किती राबायचं आणि हाती काय येणार. स्त्री चळवळीच्या शिबिरांत ते गाणं इतकं गायलं गेलं, की पुष्कळांना ते लोकगीतच वाटतं. ब्लूज ऐकणाऱ्या माणसाला या गाण्याची जातकुळी लगेच ओळखता येईल.

शेवटचा अंक १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पहिल्या काही महिन्यांत १९२८चीच युक्ती चालली: एस.टी.च्या गाड्या भरभरून लोक गावी गेले, तिथून तांदूळ, नाचणी, कुळीथ घेऊन अधूनमधून मुंबईत आले. पण पन्नास वर्षांत हिशेब बदलला होता. गावची जमीन आता भावाभावांत वाटली गेली होती. मुंबईतल्या बऱ्याच खोल्यांत आता बायको-मुलं आली होती, मुलांच्या शाळा होत्या, कर्जं होती. बायकांनी मंगळसूत्रं मोडली, खानावळी घातल्या, धुणीभांडी धरली. मालकांनाही आता घाई नव्हती. गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची होऊ लागली होती. सरकारने १९८३मध्ये तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, पण लाखावर माणसं कायमची बाहेर पडली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी नंतर गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी नोंदवून पुस्तक केलं. त्यात कलापथकांच्या रात्री आणि संपानंतरची वाताहत एकाच माणसाच्या तोंडून शेजारी शेजारी येतात. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातल्या घरात तर गाणंच उरलेलं नाही.

परिणाम सांगायचा तर तो सरळ रेषेत जात नाही. पुढची पिढी लालबाग-परळमधून उठून विरार-नालासोपारा, दिवा-डोंबिवलीला गेली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि रत्नागिरी एका रात्रीच्या अंतरावर आलं. तरी २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्राची सरासरी ९२९. एकट्या पुरुषाच्या पगाराची ती जुनी व्यवस्था मोडून तेव्हा तीस वर्षं होत आली होती, तरी आकडा काही हटायला तयार नव्हता.

गाणं मात्र हटलं, आणि बरंच पुढे गेलं. जाखडीच्या आधी कॅसेटी निघाल्या, मग सीडी, आता मोबाईलवर सामने रात्रभर चालू असतात. महामार्गाचे खड्डे, गणपतीच्या गाड्यांची तिकिटं, गावची बंद घरं हे विषय त्यात आले. सगळ्यांत मोठा बदल कुणी ठरवून केला नाही: नमनात बायका उतरल्या. आधी गवळणी म्हणून, मग कुठे कुठे संपूर्ण महिलांचं नमन म्हणून. मृदंगावर बाई, संकासुराच्या टोपीखाली बाई. शिमग्याच्या रजेला मुंबईहून आलेले पुरुष आता मांडवात पुढच्या रांगेत बसून ते बघतात.